वकिलाकडे पहिल्यांदा जाताना : नाशिककरांसाठी तयारी

नोव्हेंबर २०२३ मधली गोष्ट. मावशी निफाड तालुक्यातल्या गावाहून सकाळच्या एसटीने सीबीएसला उतरली, तेव्हा तिच्या हातात कापडदुकानाची पिशवी होती. पिशवीत सातबाराच्या झेरॉक्स, रेशनकार्ड, काकांचा मृत्यूचा दाखला, विजेची बिलं आणि चार घड्या घातलेलं कोर्टाचं समन्स. धाकट्या दिरांनी वाटपाचा दावा लावला होता. मी ओळखीच्या एका वकील मॅडमची वेळ घेतली होती. त्यांनी पिशवीकडे बघायच्या आधी विचारलं, "मावशी, समन्स हातात कधी पडलं?"

मावशी म्हणाली, "झाले असतील पंधरा-वीस दिवस. छाटणी चालू होती."

मावसभावाला फोन लावला. त्याने मजुरांच्या हजेरीची वही काढली. बेलीफ घरी आला त्याच दिवशी द्राक्षाच्या छाटणीची टोळी पहिल्यांदा बागेत उतरली होती, आणि वहीत तारीख होती १३ ऑक्टोबर. म्हणजे आम्ही वकिलासमोर बसलो तो चोविसावा दिवस होता. दाव्यात प्रतिवादीने कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर, द्यायची ती समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत. कारण पटलं तर न्यायालय मुदत वाढवून देतं, ती ९० दिवसांपर्यंत. आमचा तिसावा दिवस नेमका लक्ष्मीपूजनाचा होता.

त्या दिवशी मला कळलं की पहिल्या भेटीत वकील आपल्याला किती देऊ शकतो, हे आपण काय घेऊन जातो यावर ठरतं. त्यानंतर नात्यातल्या आणि सोसायटीतल्या आठ-दहा जणांबरोबर मी वकिलांकडे गेलो आहे. मी वकील नाही. पण आपल्याकडची माणसं कुठे अडतात, कुठे फसतात आणि कुठे उगाच घाबरतात हे जवळून पाहिलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

सर्वात आधी मुदत मोजा

वकील चांगला की वाईट, फी किती, हे सगळं नंतर. आधी कागदावरची तारीख बघा आणि बोटावर दिवस मोजा. हक्क खरा असूनही मुदत गेली म्हणून हातातून गेलेली प्रकरणं मी पाहिली आहेत, आणि त्याइतकं जिवाला लागणारं दुसरं काही नाही.

चेक परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस असतात आणि ते संपल्यापासून एका महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. हातउसने किंवा व्यवहाराचे पैसे वसूल करायचा दिवाणी दावा साधारणपणे ३ वर्षांत. ग्राहक तक्रार २ वर्षांत. तहसीलदाराच्या आदेशावर प्रांताकडे (प्रांताधिकाऱ्याकडे) अपील ६० दिवसांत.

"देतो, देतो" म्हणून समोरच्याने चार वर्षं फिरवलं, तर त्या गोड बोलण्याने मुदत वाढत नाही. मुदत संपायच्या आत त्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तरच ती नव्याने मोजली जाते. वकिलामार्फत नुसती नोटीस पाठवून ठेवली म्हणूनही घड्याळ थांबत नाही. पुष्कळ लोक नोटीस पाठवली की निर्धास्त होतात.

समन्स, नोटीस किंवा आदेश हातात पडला की त्याच्यावर पेनाने तारीख लिहा, पाकीट जपून ठेवा, पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याचा फोटो काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

अटक किंवा पोलिसांचं बोलावणं असेल तर मात्र दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. अटक झालेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घ्यायचा हक्क त्याला घटनेनेच दिलेला आहे. घरच्यांनी अशा वेळी वकिलाला एवढंच सांगावं : नाव, पोलीस ठाणं, किती वाजता नेलं आणि कोणता कागद दिला. बाकीची कहाणी नंतर.

मग बघा, प्रकरण चालणार कुठे

वकील मॅडमनी त्या दिवशी दुसरी गोष्ट सांगितली ती अशी : "दावा निफाडला आहे. मी रोज नाशिकच्या कोर्टात असते. प्रत्येक तारखेला मी निफाडला येईन असं सांगून तुमच्याकडून पैसे घेणं बरोबर नाही. निफाडचेच वकील बघा." त्यांनी दोन नावंही दिली. असं सांगणारा वकील भेटणं हे भाग्य समजा.

आपण नाशिककर "कोर्ट" म्हटलं की जुन्या आग्रा रोडवरची, सीबीएसजवळची इमारत डोळ्यांसमोर आणतो. जिल्हा व सत्र न्यायालय तिथे आहे हे खरं. पण नाशिकरोडला वेगळं न्यायालय आहे, तालुक्यांची न्यायालयं आहेत, आणि निफाड आणि मालेगावला जिल्हा न्यायाधीशही बसतात. सातबारा, फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल), वहिवाटीचा रस्ता, वारसनोंद ही प्रकरणं बहुधा महसुली असतात. ती मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी अशी चढत चढत नाशिकरोडच्या विभागीय आयुक्तांपर्यंत जातात. फौजदारीत नावाजलेला वकील महसुली अपिलात तितकाच तयार असेल असं धरून चालू नका. आपण गुडघा दुखतो म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात नाही, तसंच इथे.

नवरा-बायकोचे वाद कौटुंबिक न्यायालयात जातात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाच्या परवानगीने मिळतो. ती परवानगी सहसा मिळते, पण स्वतः बोलायची तयारी ठेवून जावं. जिल्हा ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. मोबाइल, फ्रिज, विमा असल्या साध्या प्रकरणात एकदा वकिलाकडून तक्रारीचा मसुदा तपासून घ्यावा आणि स्वतःच उभं राहावं, असं माझं मत आहे. बिल्डरने ताबा लांबवला असेल तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडची, तक्रार ऑनलाइन होते, तिच्यासाठी मुंबईला खेटे घालायची गरज नाही.

उच्च न्यायालयाचं म्हणाल तर नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो. शेजारचे धुळे, जळगाव आणि अहिल्यानगर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जातात. येवला-मनमाडकडची मंडळी इथे हमखास गोंधळतात, कारण त्यांचे अर्धे सोयरे पलीकडच्या जिल्ह्यात असतात.

नाव कुठून आणायचं

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमाने बंदी आहे. त्यामुळे इंटरनेटवर "नाशिकमधले पहिले दहा वकील" अशी यादी दिसली तर तिला पत्त्यांच्या यादीइतकीच किंमत द्या. कोर्टाच्या फाटकाशी गाठून "काय काम आहे? चला, साहेबांकडे नेतो" म्हणणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नका. तो तुमच्यासाठी वकील शोधत नसतो, वकिलासाठी गिऱ्हाईक शोधत असतो.

आपल्यासारखंच प्रकरण ज्याचं पूर्ण झालं आहे, अशा माणसाला विचारा. जिंकला की हरला हे कमी महत्त्वाचं. विचारायचं ते हे : वकील तारखेला हजर असायचे का, फोन उचलायचे का, निकालाआधी खरी परिस्थिती सांगितली होती का, पैशांवरून वाद झाला का. हरलेला माणूसही वकिलाबद्दल चांगलं बोलत असेल, तर ते नाव वहीत वर लिहा.

दुसरा मार्ग फारसं कोणी वापरत नाही. न्यायालय खुलं असतं. सकाळी अकराच्या सुमारास जा, मोबाइल बंद करा, मागच्या बाकावर दोन तास शांत बसा. पुकारा झाल्यावर कोण लगेच उभं राहतं, कोणाला फाइलमधलं पान सापडत नाही, कोणाचा ज्युनिअर फक्त पुढची तारीख मागून जातो, कोण साक्षीदाराला थोडक्यात आणि नेमकं विचारतं, सगळं दिसतं. दोन दिवस असं बसलात तर ऐकीव नावांपेक्षा जास्त कळेल. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावानेही प्रकरणं शोधता येतात. आपल्यासारख्या प्रकारची किती चालू आहेत ते घरबसल्या बघता येतं.

नाव ठरलं की सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि चांगल्या वकिलाला त्याचा राग येत नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकात शेवटी वर्ष असतं, त्यावरून सनद कधीची तेही समजतं. जुनी सनद म्हणजे जास्त चांगला वकील असं मात्र नाही. मावशीचं काम ज्या वकिलांनी घेतलं त्यांची प्रॅक्टिस आठच वर्षांची होती, पण फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचलेली असायची.

एक प्रश्न फोनवरच विचारून टाका : "साहेब, समोरच्या पार्टीचं काम तुम्ही कधी केलं आहे का?" तालुक्याच्या गावात एकाच वकिलाने दोन्ही भाऊबंदांची खरेदीखतं केलेली असतात. नंतर उघड होण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. नात्यातल्या वकिलाकडे जायचं की नाही हा प्रश्नही येतो. माझा अनुभव असा की सल्ला जरूर घ्यावा, प्रकरण देऊ नये. फी विचारता येत नाही, उशीर झाला तर बोलता येत नाही, आणि लग्नकार्यात समोरासमोर यावंच लागतं.

पैसे नसतील तर

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याला समित्या आहेत. १९८७ च्या कायद्याने महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. बाईचं उत्पन्न किती, नवऱ्याच्या नावावर जमीन किती, हे तिच्या बाबतीत बघितलं जात नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. राष्ट्रीय मदतक्रमांक १५१००.

"फुकटचा वकील काय करणार" असं म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत आणि व्याजाने पैसे काढून फी भरतात. हे ऐकून मला फार वाईट वाटतं. माझ्या शेजारच्या ताईंची पोटगी विधी सेवेच्या वकील बाईंनीच मिळवून दिली. काम समाधानकारक नसेल तर प्राधिकरणाकडे वकील बदलून मागता येतो.

आणखी एक : मालमत्तेचे वाद, पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. ज्या ताई-मावशी स्वतःच्या हिश्श्यासाठी दावा लावणार आहेत त्यांनी हे वकिलाला आवर्जून विचारावं.

एका पानाचं टिपण

आता मुख्य तयारी. आपण गोष्ट सांगायला बसतो तेव्हा जिथे दुखलं तिथून सुरुवात करतो. मावशीने "मोठ्या जाऊबाई लग्नात मला बोलल्या" इथून सुरुवात केली होती. वकिलाला मात्र काळाच्या क्रमाने लागतं. मॅडमच्या ऑफिसातून बाहेर पडलो, समोर चहा घेतला, आणि मी तिथेच शाळेच्या वहीच्या पानावर लिहून काढलं. ते असं होतं :

१९९८ – सासरे वारले. वारसांचा फेरफार झाला. नक्कल आहे.
२००६ – तिघा भावांचं तोंडी वाटप, बांध घातले. लेखी काही नाही.
२०११ – विहीर खोदली, वीजजोडणी काकांच्या नावाने. बिलं आहेत.
२०१९ – काका वारले. मावशी आणि दोन मुलांची नावं लागली.
मे २०२३ – दिरांनी बांध मोडला. पोलिसांत अदखलपात्र नोंद. प्रत आहे.
१३ ऑक्टोबर २०२३ – समन्स मिळालं. मजुरांची वही.
आम्हाला काय हवं – विहीर आणि बाग आमच्याकडे राहावी. बोलणी करायला तयार.

दोन दिवसांनी निफाडच्या वकिलांसमोर हे पान ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि सरळ २००६ वर बोट ठेवलं : "वाटप लेखी नाही. मग त्यानंतर कोण काय कसत होतं, ते कशावरून दाखवायचं?" विजेची बिलं, द्राक्षबागेचं कर्ज, सातबारावरचा पीकपेरा, सगळे कागद एका प्रश्नाभोवती गोळा झाले. वीस मिनिटांत जे झालं ते पिशवी उपसत बसलो असतो तर दोन तासांत झालं नसतं.

तुमचं पानही असंच करा. डावीकडे तारीख किंवा निदान वर्ष, पुढे एका ओळीत घटना, शेवटी पुरावा आहे की नाही. नेमकी तारीख आठवत नसेल तर आपल्याकडचं पंचांग वापरा : पोळ्याच्या आधी की नंतर, कुंभमेळ्याच्या वर्षी, थोरलीच्या लग्नाच्या उन्हाळ्यात. त्यावरून वर्ष निघतं. ठाऊक नसेल तिथे "नक्की नाही" असं लिहा, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका. तीच तारीख पुढे प्रतिज्ञापत्रात जाते आणि उलटतपासणीत अंगाशी येते.

शेवटची ओळ, "आम्हाला काय हवं", ही लिहायला सर्वात अवघड. "त्याला धडा शिकवायचा आहे" ही मागणी कोर्टात चालत नाही. ताबा हवा, पैसे हवेत, नाव लावायचं आहे, वेगळं व्हायचं आहे, मुलांना भेटायचं आहे, असं ठोस काहीतरी हवं. ते घरात बसून ठरवा. भाऊ एक म्हणतो, वहिनी दुसरं म्हणते, आणि भांडण वकिलासमोर सुरू होतं, असं होऊ देऊ नका.

कागद

मूळ कागद एका फायलीत, झेरॉक्सचा संच दुसऱ्या फायलीत, टिपणातल्या क्रमाने. प्रत्येक झेरॉक्सवर पेन्सिलीने आकडा. पहिल्या भेटीत मूळ कागद दाखवायचे आणि परत घरी आणायचे. पुढे द्यावे लागले तर यादी करून वकिलांची किंवा त्यांच्या कारकुनाची सही घ्यायची.

जमिनीच्या प्रकरणात सातबारा आणि आठ-अ चालू तारखेचे हवेत. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. पण खरी गोम फेरफारांत असते. सातबारावर जेवढे फेरफार क्रमांक गोल केलेले दिसतात, त्यांच्या नकला काढा. जुने हस्तलिखित फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज आजच टाका. शहरातल्या मिळकतीला नगर भूमापनची मिळकत पत्रिका, खरेदीखत आणि सूची दोन (नोंदणी कार्यालयातला इंडेक्स टू). वारसाचा प्रश्न असेल तर वंशावळ, आणि तीत लेकींची नावं गाळू नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलासारखाच जन्मापासून आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. बहिणींनी हक्कसोड केलं असेल तर नोंदणी केलेलं आहे का ते बघा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पुरावा म्हणून लागणार असतील तर फोन बदलू नका, गप्पा पुसू नका, आणि आपल्या सोयीचा तेवढाच स्क्रीनशॉट कापून नेऊ नका. अशा पुराव्याबरोबर कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते कसं करायचं हे वकील सांगतील, पण मूळ संदेश फोनमध्ये असले पाहिजेत.

जो कागद आपल्या विरुद्ध जातो तोही न्या. तो तर आधी न्या. मावशीने पहिल्या दिवशी एक कागद घरीच ठेवला होता. काकांनी दिरांकडून घेतलेल्या पैशांची चिठ्ठी. "ती कशाला दाखवायची" म्हणाली. दिरांकडे तिची जोडप्रत होतीच. आपण वकिलाला जे सांगतो ते गुप्त ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही, पूर्वीच्या कायद्यासारखंच, हे संरक्षण आहे. पुढे करायच्या गुन्ह्यासाठी किंवा फसवणुकीसाठी केलेली बोलणी मात्र त्यात येत नाहीत. वकिलाला धक्का बसायचाच असेल तर तो त्याच्या ऑफिसात बसू दे, साक्षीच्या पिंजऱ्यासमोर नको.

प्रत्यक्ष भेट

दिवसभर वकील कोर्टात असतात, म्हणून ऑफिसची वेळ बहुधा संध्याकाळची मिळते. फोनवर दोन वाक्यांत विषय सांगा, सल्ल्याची फी विचारा आणि ती घेऊनच जा. ओळखीने गेलात तरी द्या. बरोबर एकच माणूस न्या, ज्याला प्रकरण माहीत आहे असा. पाच जण गेले तर पाचही बोलतात.

टिपण हातात द्या आणि वकील वाचून होईपर्यंत गप्प बसा. ते विचारतील तेवढंच आधी सांगा. तुमचे प्रश्न वहीत लिहून न्या. मी पाहिलेले सर्वात उपयोगी प्रश्न हे : आमची बाजू कुठे कच्ची आहे? कोर्टात न जाता सुटायचा मार्ग आहे का? तारखेला तुम्ही स्वतः याल की ज्युनिअर? पुढच्या दोन महिन्यांत नेमकं काय काय होईल? समोरच्याने एकतर्फी मनाई हुकूम घेऊ नये म्हणून कॅव्हेट लावायला हवं का?

कॅव्हेट म्हणजे आमचं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा आगाऊ अर्ज. तो ९० दिवस चालतो आणि मिळकतीच्या वादात फार उपयोगी पडतो.

"निकाल कधी लागेल?" हा प्रश्न सगळे विचारतात. त्याचं नेमकं उत्तर कोणाकडे नसतं, आणि जो छातीठोक तारीख देतो त्याच्यापासून सावध राहा. "शंभर टक्के आपल्याच बाजूने" आणि "तिथले साहेब आपल्या ओळखीचे आहेत" ही दोन वाक्यं ऐकली की नमस्कार करून उठावं. दुसरं वाक्य तर पैसे उकळण्याची सुरुवात असते. त्या ओळखीच्या नावाने आज वीस हजार गेले की पुढच्या महिन्यात पन्नास मागितले जातात आणि तक्रार करायला तोंड राहत नाही.

होकार त्याच दिवशी द्यायची गरज नाही. मुदत जवळ नसेल तर दोन वकिलांना भेटा. ज्याने तुम्हाला जास्त प्रश्न विचारले, त्याच्याकडे माझा कल असतो.

फी आणि वकीलपत्र

फीचे प्रकार तीन : ठोक, टप्प्याटप्प्याने, किंवा तारखेमागे. लांब चालणाऱ्या दाव्यात तारखेमागे फी मला पटत नाही. टप्प्यांची बरी : दावा किंवा कैफियत दाखल झाल्यावर इतके, पुराव्याच्या वेळी इतके, युक्तिवादाला इतके. कोर्ट फी, टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, समन्सचा खर्च, नकलांचा खर्च फीत धरला आहे की वेगळा, हे त्याच बैठकीत विचारा. घरी आल्यावर ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर नम्रपणे लिहून पाठवा : "वकीलसाहेब, आज ठरल्याप्रमाणे..." त्यांचं "हो" आलं की पुढे कोणाचा गैरसमज राहत नाही. पैसे शक्यतो खात्यावरून द्या, रोख दिले तर पावती घ्या.

निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमाने मनाई आहे. तरी भूसंपादनाच्या गावांत टक्केवारी सर्रास चालते. आमच्याच घरात वडिलांनी वाढीव मोबदल्याच्या कामात कोऱ्या कागदावर सह्या दिल्या होत्या. रक्कम आली तेव्हा त्या कागदावर काय काय लिहिलेलं निघालं ते आठवलं की अजून वाईट वाटतं. म्हणून हात जोडून सांगतो, कोरा कागद, कोरा स्टॅम्पपेपर, कोरा चेक, काहीही सही करून देऊ नका. कितीही घाई असू दे, कितीही जवळचा माणूस मध्ये असू दे.

वकीलपत्रावर सही करण्याआधी ते वाचा. तुमच्या वतीने तडजोड करण्याचा किंवा पैसे स्वीकारण्याचा अधिकार त्यात लिहिलेला असतो. तो तुम्हाला द्यायचा नसेल तर तसं सांगा. सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा.

काम सुरू झाल्यावर

प्रकरण दाखल झालं की १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झालं ते दिसतं. आपली तारीख आपण बघायची, वकिलांच्या फोनची वाट बघायची नाही. तारखेच्या दोन दिवस आधी त्यांच्या ऑफिसात विचारा : या तारखेला काय आहे, आमची गरज आहे का, कोणता कागद आणायचा आहे का. रोज फोन करू नका.

लोकअदालतीत मिटवायची संधी आली तर वकिलांशी नीट बोला. तिथे मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणून अटींचा शब्द न् शब्द वाचून सही करा.

वकिलांशी जमेनासं झालं तर बदलता येतं. आधी समोर बसून बोला, बऱ्याचदा तेवढ्याने सुरळीत होतं. नाहीच झालं तर हिशेब मिटवा, ना हरकत घ्या आणि नव्या वकिलांचं वकीलपत्र दाखल करा. फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलं आहे. खरंच गैरवर्तन झालं असेल तर तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे होते. ग्राहक आयोगात मात्र वकिलाविरुद्ध सेवेतल्या त्रुटीची तक्रार चालत नाही, हे १४ मे २०२४ च्या निकालाने ठरलं आहे. त्यामुळे वकील निवडतानाची काळजी आणि हातात ठेवलेले कागद हाच आपला मोठा आधार.

मावशीचं वकीलपत्र आणि मुदतीचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी निफाडला दाखल झाला, कैफियत वाढवून दिलेल्या मुदतीत गेली. कापडदुकानाची पिशवी आता दळणाला वापरतात. मजुरांच्या हजेरीच्या वहीत मात्र मागच्या बाजूने मावशीने स्वतःच्या हाताने तारखा लिहायला सुरुवात केली आहे. डावीकडे तारीख, मध्ये कोर्टात काय झालं, उजवीकडे एसटीचं भाडं आणि झेरॉक्सचे पैसे.